मोजलेले विकर, न मोजलेले रक्त

1833 साली पॅरिसमध्ये आन्सेल्म पायाँ आणि ज्याँ-फ्रान्स्वा पेर्सोझ या दोन रसायनज्ञांनी मोड आलेले सातू कुटून पाण्यात भिजवले, पाणी गाळून घेतले आणि त्यात अल्कोहोल ओतले. तळाशी पांढरट साका बसला. तो वाळवून चिमूटभर पिठाच्या खळीत घातला की दाट खळ बघता बघता पातळ होई आणि गोड लागू लागे. तोच साका आधी पाण्यात उकळला, तर मात्र त्याच्या हातून काही होत नसे. आज आपण ज्याला एन्झाइम किंवा विकर म्हणतो, त्याचा हा पहिला वेगळा काढलेला नमुना. विकर म्हणजे नेमके काय, हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते कशाने चालते आणि कशाने बंद पडते, हे मात्र पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होते.

विकरांच्या इतिहासाकडे आम्ही याच नजरेने पाहतो. ‘हे आहे तरी काय’ या वादात मोठमोठ्या माणसांची आयुष्ये खर्ची पडली. ज्ञान पुढे सरकले ते ‘कशाने किती फरक पडतो’ हे चिकाटीने मोजणाऱ्यांमुळे. त्या मोजण्याचा लाभ महाराष्ट्रातल्या कापसावर फवारणी करणाऱ्या माणसाच्या रक्तापर्यंत अजून पोचलेला नाही, ही आमची तक्रार आहे. ती नीट मांडायची तर थोडे मागून यावे लागेल.

एकोणिसाव्या शतकातला मोठा झगडा आंबण्यावरून झाला. साखरेची दारू होते ती जिवंत यीस्टच्या जगण्यातून, असे लुई पाश्चर यांचे म्हणणे होते. ही निव्वळ रासायनिक क्रिया आहे, जिवंतपणाशी तिचा संबंध नाही, असे युस्टुस फॉन लीबिग ठासून सांगत. दोघेही थोर आणि दोघेही हट्टी. वाद मिटला तो दोघांच्या पश्चात, आणि तोही दुसऱ्याच कामाच्या ओघात. एडुआर्ड बुखनर आणि त्यांचे भाऊ हान्स यांना औषधी उपयोगासाठी यीस्टच्या पेशींमधला रस हवा होता. त्यांनी यीस्ट वाळू आणि डायटमच्या मातीबरोबर खलात घोटले, फडक्यात बांधून दाबयंत्राखाली पिळले. रस निघाला, पण तो टिकेना. मुरांबा साखरेत टिकतो, म्हणून रसात भरपूर साखर घातली गेली. थोड्याच वेळात त्यातून बुडबुडे येऊ लागले. रसात एकही जिवंत पेशी नव्हती आणि तरी साखर आंबत होती. 1897 मध्ये बुखनर यांनी हे प्रसिद्ध केले. 1907 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात ते रुमानियाच्या आघाडीवर जखमी झाले आणि 1917 मध्ये तिथेच वारले.

मग विकर करते तरी काय? कोणतीही रासायनिक क्रिया घडायची तर रेणूंना आधी एका अवघड, ताणलेल्या अवस्थेतून जावे लागते. तिथपर्यंत चढण्याइतकी ऊर्जा फार थोड्या रेणूंपाशी असते, म्हणून क्रिया रेंगाळते. विकर त्या घाटाखालून बोगदा काढते. निघण्याचे ठिकाण तेच आणि पोचण्याचे ठिकाणही तेच, चढ मात्र वाचतो. विकर स्वतः त्यात खर्च होत नाही, लगेच पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. हा वेग किती वाढतो याचे एक उदाहरण आम्हाला थक्क करते. डीएनए आणि आरएनएचे घटक बनवताना पेशीत कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा वेगळा करावा लागतो. विकराशिवाय, साध्या पाण्यात, असे निम्मे रेणू तुटायला 7 कोटी 80 लाख वर्षे लागतील, असा हिशेब 1995 मध्ये मांडला गेला. आपल्या पेशीतले विकर हे काम सेकंदाला तीसचाळीस वेळा करते.

हे साधते ते आकारामुळे. विकर म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, एका ठरावीक पद्धतीने घडी पडलेली. घडीत एक खोबण तयार होते आणि योग्य रेणू तिथे बसतो. एमिल फिशर यांनी 1894 मध्ये कुलूप आणि किल्लीची उपमा दिली, ती अजून शाळेत शिकवतात. 1958 मध्ये डॅनियल कॉशलंड यांनी तिला दुरुस्ती सुचवली, की रेणू आत येताना विकरही थोडे वळते आणि त्याला घट्ट धरते. पुढे 1965 मध्ये अश्रूंमध्ये आणि अंड्याच्या पांढऱ्यात सापडणाऱ्या लायसोझाइमची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि ती खोबण प्रथमच नजरेसमोर आली. घडी हेच विकराचे बळ, आणि तीच त्याची नाजूक बाजूही. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुपटीने वाढतो, पण एका मर्यादेपलीकडे रेणूची थरथर इतकी वाढते की घडीच उलगडते. पायाँ आणि पेर्सोझ यांचा उकळलेला साका निकामी झाला तो यामुळेच.

तापमान मोजायला थर्मामीटर होता. आंबटपणाचे तसे नव्हते, आणि इथे आम्हाला कोपनहेगनमध्ये थोडे थांबायचे आहे. कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याचे मालक जे. सी. जेकबसेन यांनी 1875 मध्ये स्वतःच्या पैशाने एक प्रयोगशाळा काढली. इथे लागलेला महत्त्वाचा शोध, मग तो शास्त्राच्या उपयोगाचा असो की धंद्याच्या, गुप्त ठेवायचा नाही, अशी त्यांची अट होती. या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख सोरेन सोरेनसेन यांना विकरांचा अभ्यास करताना एक अडचण सारखी छळत होती. तोवर रसायनज्ञ किती आम्ल ओतले तेवढेच नोंदवत. पण द्रावणातली प्रथिने ओतलेल्या आम्लाचा बराच भाग स्वतःकडे धरून ठेवतात. दोन नळ्यांत सारखेच आम्ल घातले तरी एकीत विकर सपाट्याने काम करी, दुसरीत जेमतेम हलत असे, आणि कारण कुणालाच सांगता येत नसे.

विकराला जाणवतो तो ओतलेल्या आम्लाचा आकडा नव्हे, द्रावणात मोकळ्या असलेल्या हायड्रोजन आयनांचा आकडा जाणवतो, हे सोरेनसेन यांनी ओळखले. ते आयन त्यांनी विजेच्या साहाय्याने मोजले. आकडे फारच बारीक, शून्यांची रांग असलेले, म्हणून त्यांनी त्यांना एका सोप्या मोजपट्टीवर आणले. आंबटपणा जागचा हलू नये यासाठी बफर द्रावणांच्या कृती ठरवून दिल्या, रंग बदलून आंबटपणा दाखवणारी द्रव्ये तपासून घेतली. हा सारा खटाटोप 1909 मध्ये विकरांवरच्या एका लांबलचक निबंधात छापून आला. आपल्याकडे मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर जो ‘सामू’ शेतकरी वाचतो, त्या आकड्याचा जन्म या निबंधातला. त्या मोजपट्टीवर जठरातले पेप्सिन साधारण 2 सामूला जोमात असते, तर आतड्यात काम करणारे ट्रिप्सिन 8 च्या आसपास. सामू बदलला की खोबणीतल्या अमिनो आम्लांवरचे विद्युतभार बदलतात आणि पकड सुटते. हे कारण पुढे कळले, आकडा आधी हाती आला.

पुढचे पाऊल बर्लिनमध्ये पडले. लेओनोर मिखाएलिस ज्यू होते, त्यांना विद्यापीठात कायमची जागा मिळत नव्हती आणि ते एका नगरपालिकेच्या इस्पितळातली लहानशी प्रयोगशाळा चालवत. त्यांच्याकडे कॅनडाहून मॉड मेंटेन या डॉक्टर आल्या. साखरेचे दोन तुकडे करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराचा वेग दोघांना मोजायचा होता. फ्रान्समध्ये व्हिक्टर हेन्री यांनी दहा वर्षे आधी हेच केले होते, त्यांचे समीकरणही बरोबर होते. पण त्यांनी सामू स्थिर ठेवला नव्हता, आणि साखर तुटून निघालेले ग्लुकोज द्रावणात काही वेळ आपले रूप बदलत राहते, त्यामुळे प्रकाशयंत्रावरचे आकडे फसवत होते. मिखाएलिस आणि मेंटेन यांनी प्रत्येक नळीत बफर घातले, तापमान 25 अंशांवर धरले, ठरलेल्या क्षणी अल्कली टाकून क्रिया जागीच थांबवली आणि ग्लुकोजचे रूप बदलणे पुरे होऊ दिल्यावरच आकडा वाचला. 1913 मध्ये निबंध निघाला. साखर वाढवत नेली तर सुरुवातीला वेग वाढतो. पण विकराचा प्रत्येक रेणू कामात गुंतला की आणखी साखर घालून उपयोग नसतो. वेग कमाल वेगाच्या निम्म्यापर्यंत पोचायला साखर किती लागते हा आकडा त्या विकराची ओळख ठरतो. जगातला प्रत्येक जीवरसायनाचा विद्यार्थी आज हे समीकरण शिकतो. मेंटेन यांना मात्र पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

या समीकरणाला 1925 मध्ये अधिक व्यापक रूप देणाऱ्या दोघांपैकी एक होते जे. बी. एस. हाल्डेन. विकरांवरचा त्यांचा ग्रंथ 1930 मध्ये आला. 1957 मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांना याची आठवण नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

आणि विकर म्हणजे काय, हा जुना प्रश्न? तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात सुटला. जेम्स समनर डावखुरे होते. सतराव्या वर्षी शिकारीतल्या अपघातात त्यांचा डावा हातच गेला होता. 1917 पासून ते एका शेंगेच्या बियांमधून युरिएज हे विकर शुद्ध काढण्याच्या मागे लागले. प्रयोगशाळेत बर्फपेटी नव्हती, म्हणून द्रावणाच्या नळकांड्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवून थंडी पडण्याची वाट पाहायची. 1926 मध्ये अल्कोहोलऐवजी ॲसिटोन वापरून पाहिले, द्रावण रात्रभर थंडीत ठेवले, आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक स्फटिक दिसले. ते प्रथिन होते आणि तेच युरिएज होते. विकर प्रथिन असूच शकत नाही असे सांगणारे जर्मनीतले नोबेलविजेते रिखार्ड विलश्टेटर हे मान्य करेनात. जॉन नॉर्थ्रप यांनी 1930 मध्ये पेप्सिनचेही स्फटिक केले, तेव्हा विरोध ओसरला. आपण शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, तो मातीतल्या जिवाणूंच्या याच युरिएजमुळे.

तापमान, सामू आणि पदार्थाचे प्रमाण ही झाली तीन कारणे. चौथे कारण म्हणजे विकराची वाट अडवणारा परका रेणू. औषधांचा मोठा हिस्सा यावर उभा आहे. पेनिसिलिन जिवाणूचे, तर ॲस्पिरिन आपल्या शरीरातले एक विकर अडवते. काही अडसर तात्पुरते असतात, खरा रेणू भरपूर आला की बाजूला होतात. काही मात्र खोबणीत रासायनिक बंध करून बसतात आणि हलत नाहीत. महाराष्ट्राशी ज्याचा जीवनमरणाचा संबंध आहे तो हा दुसरा प्रकार.

मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तो ॲसिटिलकोलिन या द्रव्यातून. निरोप पोचला की ते लगेच पुसले जावे लागते, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहतो आणि ग्रंथी पाझरतच राहतात. पुसण्याचे काम कोलिनएस्टरेज हे विकर करते, एकेक रेणू सेकंदाला हजारो वेळा. बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगांतून ही निरोपाची गोष्ट सिद्ध करणारे ऑटो लोवी यांनी 1926 मध्ये दाखवले, की एका आफ्रिकी विषारी बीतले द्रव्य नेमके हेच पुसणे थांबवते. दहा वर्षांनी, 1936 मध्ये, जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशके शोधत होते. त्यांनी फॉस्फरसची काही नवी संयुगे बनवली. त्यातल्या एकाची किंचित वाफ लागून त्यांच्या आणि सहकाऱ्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या आणि श्वास कोंडू लागला. त्या संयुगाचे युद्धासाठी ‘टाबुन’ झाले, त्याच्या भावंडांची शेतीची औषधे झाली. किडीच्या आणि माणसाच्या शरीरात हे विकर जवळजवळ सारखेच आहे. औषधाचा रेणू खोबणीत शिरतो आणि त्यातला फॉस्फरसचा तुकडा तिथल्या सेरिन या अमिनो आम्लाला चिकटतो. खरा रेणू तिथून क्षणार्धात सुटतो, हा तुकडा तासन् तास सुटत नाही.

1955 मध्ये अमेरिकेत अर्विन विल्सन यांनी या खोबणीचा आकार आणि विद्युतभार ध्यानात घेऊन एक औषध बनवले, ते तो तुकडा ओढून काढते. आपल्या इस्पितळांत त्याला ‘पाम’ म्हणतात. पण त्याला वेळेचे बंधन आहे. चिकटलेला तुकडा काही वेळाने स्वतःचा एक भाग गमावून कायमचा पक्का होतो, मग पाम त्याला हलवू शकत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या वर्गातल्या कीटकनाशकांत निम्मे विकर असे कायमचे बंद व्हायला पावणेचार तासांच्या आसपास वेळ लागतो. क्लोरपायरीफॉसच्या वर्गात तोच काळ तीस तासांहून अधिक. म्हणजे गावातून तालुक्याला आणि तालुक्याहून जिल्ह्याला पोचेपर्यंत काय उरते, हे बाटलीत कोणते कीटकनाशक होते त्यावर ठरते. पामचा डोस कसा द्यावा याची एक महत्त्वाची चाचणी आपल्याच बारामतीच्या एका रुग्णालयात झाली आणि 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. लवकर आणि सलग मोठा डोस दिलेले रुग्ण तिथे अधिक बरे झाले. श्रीलंकेत 2009 मध्ये आलेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. उपचारावर मतभेद आहेत म्हणूनच विषबाधा बळावण्याआधी ती ओळखणे जास्त मोलाचे.

2017 च्या पावसाळ्यात आणि पुढच्या आठवड्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण इस्पितळांत दाखल झाले. कापूस त्या वर्षी डोक्याइतका वाढला होता, बोंडअळी आली होती, दमट उकाड्यात उघड्या अंगावर तुषार पडत होते. वापरलेली सगळीच औषधे या वर्गातली नव्हती, मिश्रणेही होती. सरकारने विशेष तपास पथक नेमले, अहवाल आला, हातमोजे आणि मास्क वाटले गेले. ज्या विकरावर हा घाला पडतो ते फवारणाऱ्याच्या रक्तात किती उरले आहे हे मोजण्याची कायमची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही.

हे मोजणे अवघड नाही. लाल रक्तपेशींवर तेच विकर असते. 1961 मध्ये जॉर्ज एलमन यांनी एक पद्धत दिली. विकर जितके जिवंत, तितका द्रावणाला पिवळा रंग चढतो. रक्ताच्या एका थेंबावर चालणारी, बांधावर नेता येणारी छोटी यंत्रेही निघाली आहेत. तरी आकडा खरा यायचा तर काळजी घ्यावी लागते. सामू 8 च्या आसपास बफरने धरावा लागतो, तापमान ठरलेले लागते, घालायचा पदार्थ विकर पूर्ण गुंतेल इतका हवा. नमुना काढल्याबरोबर बर्फात ठेवावा लागतो, नाहीतर रक्तात फिरणारे औषध नळीतही विकर मारत राहते. सोरेनसेन, मिखाएलिस आणि मेंटेन यांनी आपापल्या नळ्यांपाशी जे सांभाळले, तेच आपल्या तालुक्यातल्या तंत्रज्ञाला सांभाळायचे आहे. ते शिकवायला एक आठवडा पुरेल, असे आम्हाला वाटते.

दुसरी अडचण माणसामाणसांतल्या फरकाची. निरोगी माणसांतही या विकराचे प्रमाण बरेच वेगवेगळे असते. एखाद्याचे जन्मतः जास्त असेल तर तीस टक्के घटूनही तो ‘नॉर्मल’च्या चौकटीत दिसतो आणि डॉक्टर त्याला घरी पाठवतात. म्हणून तुलना स्वतःच्याच मूळ आकड्याशी करावी लागते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 1974 पासून हे नियमात बसवले आहे. या वर्गातली औषधे नियमित हाताळणाऱ्याचा मूळ आकडा आधी घ्यायचा. तो 80 टक्क्यांच्या खाली आला तर कामाच्या पद्धती तपासायच्या. लाल पेशींमधला आकडा 70 टक्क्यांवर आला की त्या माणसाला फवारणीवरून हटवायचे आणि 80 टक्क्यांपर्यंत भरून येईतो परत पाठवायचे नाही.

महाराष्ट्रात नियम नुसता उचलून चालणार नाही, कारण तिथे कामगाराची जबाबदारी मालकावर असते आणि इथे फवारणारा बहुधा स्वतः शेतकरी किंवा रोजंदारीवरचा मजूर असतो. फवारणी बंद म्हणजे रोजी बंद, आणि रोजी बुडणार असेल तर कुणी तपासायला येणार नाही. म्हणून आकडा घसरलेल्या मजुराला त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे, आणि तो खर्च कीटकनाशकांच्या विक्रीवर बसवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी आणि उपचारासाठी ॲट्रोपिन व पाम ही औषधे हंगामभर असलीच पाहिजेत. पायरेथ्रॉइडसारख्या दुसऱ्या वर्गातल्या औषधांची बाधा या तपासणीत कळत नाही, तेव्हा मास्क, पूर्ण कपडे आणि मिश्रणांवरची बंदी यांची गरज संपत नाही. आणि मूळ आकडा घ्यायचा तो मृगाच्या पेरणीआधी, जून उजाडताना. ऑगस्टमध्ये चार फवारण्या झाल्यावर घेतलेल्या पहिल्या रक्तात विकर आधीच घटलेले असते, आणि मग तो घटलेला आकडाच त्या माणसाचा नॉर्मल आकडा म्हणून कागदावर चढतो.